बंपरचा कलप

गिऱ्हाईक यायला दहाएक मिनिटं होती, तेवढ्यात पोऱ्याने गाडीच्या पुढच्या बंपरवर हात मारून घेतला. सेकंडहँड गाड्यांचं आवार, मे महिन्यातली दुपार, खाली मुरूम, वर हिरवी शेडनेट. गाडी पांढरी, बारा-तेरा वर्षांची, कंपनीतूनच काळे बंपर आणि काळे आरसे घेऊन आलेलं बेस मॉडेल. पोऱ्याच्या हातात बिनलेबलची बाटली आणि जुन्या बनियनचं फडकं. बाटलीतल्या पातळ काळ्या द्रवाला रॉकेलचा वास. फडकं जिथून फिरलं तिथला राखेसारखा करडा बंपर काळाशार झाला, इतका की शेजारचा पांढरा पत्राच जुना वाटू लागला. मग गिऱ्हाईक आलं. पन्नाशीचे गृहस्थ, बरोबर कॉलेजातला मुलगा. दारं उघडून-मिटून झाली, टायर बघून झाले. निघता निघता गृहस्थांनी बंपरच्या कोपऱ्यावरून सहज तर्जनी फिरवली आणि बोटाकडे पाहिलं. बोट काळं. ते काहीच बोलले नाहीत. खिशातून रुमाल काढला, त्याची आतली घडी उलगडून बोट पुसलं, रुमाल होता तसा दुमडून ठेवला आणि विचारलं, "इंजिन कधी उघडलंय का?"

बंपरवर बोटभर रुंदीची करडी रेघ राहिली.

तो प्रश्न इंजिनाचा नव्हता, बोटाचा होता. वरवरची एक गोष्ट झाकलेली सापडली की माणूस आतल्या दहा गोष्टींवर संशय घेतो, आणि गाडी घेताना तर घ्यावाच. पण त्या पोऱ्याला लबाड ठरवायलाही मन धजत नाही. पाहुणे यायच्या आधी आपण दिवाणावरची चादर बदलतोच. लग्नाच्या हॉलमध्ये पुढच्या दोन रांगांत बसलेल्या काकांपैकी निम्म्यांच्या डोक्यावर आदल्या रात्रीचा कलप असतो, आणि त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. बंपरला कलप लावला तर एवढं काय बिघडलं, असं वाटून जातं. मात्र ही तुलना थोडी ताणली की तुटते, आणि ती जिथे तुटते तिथेच या कामाची सगळी मेख आहे. पिकलेल्या केसातला रंग खरंच संपलेला असतो. पिकलेल्या बंपरमधला काळा रंग जिथल्या तिथे असतो.

गाडीचे न रंगवलेले बंपर, चाकांवरच्या कमानी, दारांखालच्या पट्ट्या, वायपरखालची जाळी हे बहुतेक सगळं पॉलिप्रॉपिलीनचं असतं. १९५४ साली इटलीत ज्युलिओ नात्ता या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत आकाराला आलेलं आणि आज मांडवातल्या मोल्डेड खुर्चीपर्यंत पोचलेलं हेच ते प्लास्टिक. बंपरसाठी त्यात धक्का सोसायला रबर मिसळतात, ताठपणासाठी टाल्क म्हणजे शंखजिऱ्याची पूड, आणि काळ्या रंगासाठी शेकडा दोनच्या आसपास काजळी. ही काजळी उन्हाने उडत नाही. उलट अतिनील किरण स्वतः पिऊन ती प्लास्टिकला वाचवत असते. तुटतात त्या प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्या. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्यांचे तुकडे करतात, वरचा थर आकसतो, त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि शंखजिऱ्याची पांढरी पूड उघडी पडते. हे रोखायला कारखान्यात घातलेली रसायनं काही वर्षांत खर्ची पडतात. बिघडलेला थर असतो फार तर केसाच्या जाडीचा. त्याच्याखालचं प्लास्टिक पहिल्या दिवसाइतकंच काळं असतं. वरच्या भेगांवर उजेड आपटून सगळीकडे फाकतो, म्हणून डोळ्यांना करडं दिसतं. काळ्या दगडावर वाळूचा कागद घासावा तसं.

याचा पुरावा पावसात फुकट मिळतो. जूनमध्ये पहिली सर आली की पार्किंगमधले सगळे करडे बंपर एकाच वेळी तरुण होतात आणि ऊन पडलं की पुन्हा म्हातारे. अपवर्तनांक म्हणजे एखाद्या पदार्थात शिरताना उजेड किती वळतो त्याचं माप. हवेचा अपवर्तनांक १, या प्लास्टिकचा साधारण १.४९. मधली उडी मोठी, म्हणून उजेड फाकतो. भेगांत पाणी भरलं की अपवर्तनांक १.३३ वर येतो, उडी लहान होते आणि खालचा काळा दिसू लागतो. सिलिकोन तेलाचा १.४०, खोबरेल तेलाचा १.४५. बाजारात ट्रिम रिस्टोअरर म्हणून जे जे विकतात त्यातलं बरंचसं म्हणजे न वाळणारा पाऊस, एवढं लक्षात ठेवलं की बाटलीवरची इंग्रजी विशेषणं वाचायची गरज उरत नाही. आणि याचमुळे जुनी गाडी पावसात बघायला जाऊ नये, असं जाणते सांगतात. ओल्या गाडीवर ओरखडाही दिसत नाही आणि वयही.

आकडे बघितले तर खोबरेल तेल सगळ्यात काळं करायला हवं, आणि करतंही. घरात असतं, हाताला लागलं तर बिघडत नाही, आणि पहिले दोन दिवस बंपर असा दिसतो की शेजारी विचारतात. तिसऱ्या दिवशी त्यावर रस्त्याची माती बसते, आठवड्यात त्याची तपकिरी साय होते. डिसेंबरात आणखी एक गंमत. खोबरेल २४ अंशांखाली गोठतं, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या थंडीत सकाळी बाथरूममधली बाटली पांढरी होते तसा बंपरच्या दाण्यादाण्यातही पांढुरका थर दिसतो. बुटाचं काळं पॉलिश म्हणजे मेण, विरळक (थिनर) आणि रंग. ते बोटाला लागतं, रुमालाला लागतं, आणि गाडीला टेकून उभ्या राहिलेल्या बाईच्या साडीला लागलं की मग त्याची खरी किंमत कळते. डिझेलचं फडकं हा गॅरेजमधला सगळ्यात जुना उपाय. प्लास्टिकचं त्याने फारसं वाकडं होत नाही, पण तेच फडकं हात न थांबता दाराच्या रबरावर जातं आणि तिथे ते घातक ठरतं. ते पुढे येईलच. जवसाचं तेल यांच्यात वेगळं. ते हवेत सुकून पापुद्रा धरतं, म्हणून टिकतंही जास्त. पण थर जाड झाला तर महिनाभर चिकट राहतो, आणि त्याचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर आपोआप तापून पेटू शकतात. ते बोळे पाण्यात भिजवून, पसरून वाळवून मगच टाकायचे.

काम टिकणं हे लावण्यापेक्षा धुण्यावर ठरतं, आणि नेमका तिथेच सगळ्यांचा धीर सुटतो. बंपरच्या दाणेदार पोतात वर्षानुवर्षांचं तेल, मेण, डिझेलचा धूर आणि आधीच्या पॉलिशचे थर बसलेले असतात. नुसत्या शांपूने ते हलत नाहीत. आधी गाडी सावलीत गार होऊ द्यायची. मग ऑल पर्पज क्लीनर एका भागाला दहा भाग पाणी या मापाने, फारच माखलेलं असेल तर एकाला पाच, आणि दात घासायचा मऊ ब्रश. हातभर तुकडा घ्यायचा, फवारायचं, मिनिटभर गोल गोल घासायचं, वाळू न देता धुऊन टाकायचं. पहिला फेस चहाच्या रंगाचा निघतो, दुसरा करडा. फेस पांढरा निघेपर्यंत थांबायचं नाही, आणि त्याला तीन-चार फेऱ्या लागतातच. मग पाणी ओतून बघायचं. पाण्याचे मणी होऊन ओघळले तर जुनं सिलिकोन अजून आत आहे. पाणी सपाट पसरलं आणि प्लास्टिक ओलंकच्च झालं तर ते खरंच उघडं पडलं. बोअरच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यांच्या बंपरवर क्षारांचे पांढरे ठिपके असतात, ते साबणाला दाद देत नाहीत. त्यांना पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, दोन मिनिटं, आणि भरपूर पाण्याने धुणं. व्हिनेगर काचेखालच्या चकचकीत अॅल्युमिनियम पट्टीवर रेंगाळू द्यायचं नाही, ती मळकट होते. पत्र्याला रबिंग करताना पेंटरने टेप न लावल्यामुळे कडेला बसलेले मेणाचे पांढरे डाग मात्र शाळेच्या खोडरबरानेही निघतात. इतका साधा उपाय कुणाला खरा वाटत नाही, म्हणून लोक तिथे कंपाउंड घासतात आणि डाग दुप्पट करतात.

धुऊन झाल्यावर घाई करायची नाही. सांध्यांतून, क्लिपांच्या भोकांतून पाणी तासभर झिरपत राहतं. दोन तास सुकवून शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मंनिम्मं घेऊन एक हात पुसायचा. अशा स्वच्छ, कोरड्या, करड्या बंपरकडे बघताना थोडं वाईट वाटतं. इतका म्हातारा तो आधी कधीच दिसलेला नसतो.

आता काय लावायचं? दुधासारखं पांढरं, पाण्यात मिसळलेलं सिलिकोन असतं, ते लावायला सोपं आणि रबरालाही चालतं. पण त्याचं आयुष्य तीन-चार धुण्यांचं, आपल्या पावसाळ्यात त्याहून कमी. रॉकेलच्या वासाचं, विरळकातलं सिलिकोन जास्त चमकतं. बाटलीतली ती चमकच मुळात संशयास्पद, कारण नवीन बंपर कधी चमकत नाही, तो मंद काळा असतो. ओलाकंच चमकणारा बंपर आणि तेल लावून चापून बसवलेले केस एकाच घराण्यातले. तिसरा प्रकार खरा कलप, म्हणजे काळा रंग असलेलं द्रावण. ते भेगांत शिरून बसतं आणि बऱ्यापैकी काम झालं तर सहा महिने ते वर्षभर राहतं. हातमोजे हवेतच, नाहीतर नखांच्या कडा आठवडाभर काळ्या राहतात. पत्र्याच्या आणि दिव्यांच्या कडेला मास्किंग टेप, खाली वर्तमानपत्र, कारण फरशीवर पडलेला थेंब फरशीचा होऊन जातो. स्पंजाच्या तुकड्यावर चार-पाच थेंब, हातभर भाग, आधी आडवं मग उभं, दहा मिनिटांनी कोरड्या मायक्रोफायबरने दाबून पुसायचं. लहान गाडीचे दोन्ही बंपर, आरसे आणि दारांच्या मुठी मिळून १५ ते २० मिली पुरतं. जास्त ओतलं की जास्त काळं होत नाही, फक्त पुसायला जास्त उरतं, आणि न पुसलेलं पहिल्या पावसात पांढऱ्या पत्र्यावर ओघळतं. बंपरच्या कोपऱ्याखाली काळे अश्रू दिसले की समजावं, लावणाऱ्याने शेवटचं पुसणं टाळलं.

सिरॅमिक कोटिंग हा चौथा. ते सुकून कडक होतं, एक ते दोन वर्षं टिकू शकतं आणि बोटाला लागत नाही. पण लावल्यावर चोवीस तास पाण्याचा थेंब नको, म्हणून जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये; दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. आणि ते काच आहे, आत जे आहे तेच दाखवतं. खाली मळ राहिला तर तो मळ दोन वर्षं जपून ठेवतं. कुठलाही प्रकार आधी मागच्या बंपरच्या खालच्या कडेला, टेपने अर्धा भाग झाकून लावून बघावा आणि दोन धुणी होऊ द्यावीत. हे पथ्य सगळे सांगतात आणि फारच थोडे पाळतात.

हीट गनचे व्हिडिओ बघून हरखलेले लोक वेगळेच. गरम हवेचा झोत फिरतो आणि करड्यातून काळा रंग उगवत जातो, बघायला अतिशय सुंदर. लोक म्हणतात आतलं तेल वर येतं. वर येतं त्याहून जास्त म्हणजे वरचा भेगाळलेला थर वितळून पुन्हा सपाट होतो. हे प्लास्टिक १६० ते १६५ अंशांना वितळतं आणि गनच्या तोंडची हवा सहज ३००-४०० अंशांची असते. गन चार-पाच बोटं दूर, सतत फिरती, आणि रंग बदलला की त्या क्षणी पुढे. एका जागी दोन सेकंद जास्त गेली की दाणेदार पोत सपाट होतो आणि तिथे चकचकीत चट्टा उमटतो, तो कायमचा. रंगवलेल्या कडेजवळ, पार्किंग सेन्सरजवळ, दिव्याच्या काचेजवळ आणि कुठल्याही रबरावर गन न्यायची नाही. खर्ची पडलेली संरक्षक रसायनं गन परत देत नाही, त्यामुळे काही महिन्यांत करडेपणा परततो. दुसऱ्यांदा भाजता येतं. तिसऱ्यांदा पोतच उरत नाही. गन वापरायचीच तर एकदा, आणि लगेच वर अतिनील किरण अडवणारं काहीतरी लावायचं.

भेगा बोटाला लागण्याइतक्या मोठ्या झाल्या असतील तर हे सगळं सोडून रंग द्यावा. पेंटर थेट काळा स्प्रे मारतो आणि सहा महिन्यांत पापुद्रे सुटतात, त्यात दोष स्प्रेचा नसतो. पॉलिप्रॉपिलीनला रंग सहजी चिकटत नाही. आधी प्लास्टिकसाठीच असलेला प्रायमर, त्याचा एकच पातळ हात, आणि तो ओलसर असतानाच, डब्यावर दिलेल्या वेळेत, मंद काळ्या रंगाचे दोन-तीन हलके हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. 'साहेब, प्रायमरची गरज नाही' असं कुणी म्हटलं तर दुसरा पेंटर बघावा.

रबराची गोष्ट अगदी वेगळी, आणि गाडीवाल्यांना ती निम्मीच माहीत असते. दारांभोवतीचं पोकळ बीडिंग बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं. हे रबर ऊन आणि ओझोन छान सोसतं, पण पेट्रोल, डिझेल, ग्रीस यांच्यापुढे हार मानतं. तेल पिऊन ते सुजतं, लांबतं, खाचेत मावेनासं होऊन लाटा धरतं, आणि मग दार लागताना पहिल्यांदा धप्प न होता दोनदा आपटावं लागतं. महिनाभराने पाऊस गालिच्यात उतरतो आणि गाडीला ओल्या पोत्याचा वास यायला लागतो. म्हणून डिझेलचं फडकं रबराला लावायचं नाही, भले पहिल्या दिवशी ते कितीही काळं दिसो. साबणाच्या पाण्याने पुसायचं, पूर्ण वाळवायचं आणि सिलिकोन ग्रीस वाटाण्याएवढं घेऊन एका दाराला बोटाने ओढायचं. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. काच ज्या मखमली खाचेतून वर-खाली होते तिथे मात्र ग्रीस नको. धूळ चिकटून काचेला उभे ओरखडे पडतात. कोकणात झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या या खाचेत श्रावणात अक्षरशः शेवाळ उगवतं, हिरवं, पोपटी, मऊ. ते सुरीने खरवडायचं नाही. दाताच्या ब्रशने आणि कोमट पाण्याने ते उचलून येतं.

काचेच्या बाहेरची पट्टी नखाने दाबली तर खळगा पडून लगेच भरून यायला हवा. ती काडकन वाजली किंवा आतली पत्र्याची पट्टी गंजून वरचं रबर फुगलं असेल तर कलप, तेल, वाफ सगळं व्यर्थ. नवीन पट्टी आणून बसवावी. दाराच्या पत्र्याला कडेने टेप लावून, प्लास्टिकच्या पात्याने एका टोकाकडून थोडं थोडं उचलायचं. काही गाड्यांत टोकाला एक स्क्रू असतो, तो न काढता ओढणारे पट्टीबरोबर दाराच्या रंगाचा टवकाही काढतात. आणि टायरच्या माथ्यावर, पेडलवर, स्टीअरिंगवर, स्कूटरच्या पायदानावर, वायपरच्या रबरावर सिलिकोन कधीही नाही. चकाकणारं पेडल पावसात भिजलेल्या चपलेखाली काय करतं, ते कळायला एकच ब्रेक पुरतो.

काळ्या बंपरची आणखी एक गंमत आहे. १९७२ मध्ये फ्रान्सच्या रेनो ५ या गाडीला प्लास्टिकचे बंपर आले तेव्हा ती नवलाई होती. आपल्याकडे नव्वदच्या दशकात काळा बंपर म्हणजे साधी मारुती ८००, आणि पुढे बेस मॉडेलची खूणच झाली. गाडीच्या रंगाचा बंपर असणं म्हणजे वरचं मॉडेल परवडणं. कित्येकांनी बेस मॉडेल घेऊन पहिल्याच महिन्यात बंपर रंगवून घेतले, दोन वर्षांत ते सोलले आणि गाडी देवीचे व्रण आल्यासारखी दिसू लागली. आता महागड्या एसयूव्हीला खालून चहूबाजूंनी तेच काळं प्लास्टिक मुद्दाम लावतात, दणकट दिसावी म्हणून. ते प्लास्टिक तसंच पिकतं. पाच वर्षांनी वीस लाखांची गाडीही त्याच करड्या रंगाला येते, फक्त तिचा मालक कलपासाठी डिटेलिंग स्टुडिओत जातो.

कुठली बाजू आधी पिकते हे बघितलं तर गाडी कुठे उभी राहते ते कळतं. रोज पश्चिमेला तोंड करून उभ्या असणाऱ्या गाडीचा पुढचा बंपर आणि वायपरखालची जाळी आधी जाते, मागचा दोन-तीन वर्षं मागे राहतो. एका बाजूला भिंत असेल तर त्या बाजूचा आरसा काळा, दुसऱ्या बाजूचा करडा. आवारातल्या त्या पांढऱ्या गाडीचा डावा आरसा उजव्यापेक्षा बराच काळा होता. तेरा वर्षं ती कुणाच्या तरी भिंतीला डावा खांदा लावून उभी असणार. पोऱ्याच्या फडक्याने तो फरकही पुसून टाकला होता.

ती गाडी आठ-दहा दिवसांनंतरही तिथेच उभी होती. वळवाची सर अजून आलेली नव्हती, रस्त्याचं काम चालू होतं आणि आवारभर मुरमाची तांबूस धूळ उडत होती. जिथे जिथे फडकं फिरलं होतं तिथे ती धूळ घट्ट चिकटून बंपर विटकरी झाला होता. गृहस्थांच्या बोटाची रेघ तशीच होती. तेल निघून गेल्यामुळे तिथे धूळ नव्हती, आणि अख्ख्या बंपरवर तेवढी बोटभर जागा प्लास्टिकच्या स्वतःच्या रंगाची होती.